चार पांढरी कपाळे

तात्यासाहेब वकिलांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते मोटरीच्या फुटबोर्डावर पाण्याने भरलेली पितळी वाटी ठेवून तिच्याकडे टक लावून बसले होते. मोटर जागच्या जागी सुरू होती. मी नागपूरहून कायद्याची परीक्षा देऊन त्यांच्या हाताखाली उमेदवारी करण्यासाठी अमरावतीस आलो होतो आणि मनाशी घोकलेले नमस्काराचे वाक्य ओठांवर घेऊन फाटकात उभा होतो. त्यांनी मान वर न करता एक बोट उचलून मला थांबवले. वाटीतल्या पाण्यावर बारीक वलये उठत होती, कडेपर्यंत जात होती आणि तेथेच विरत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी किल्ली फिरवून मोटर बंद केली, वाटीतले पाणी तुळशीत ओतले आणि म्हणाले, "पाणी हाललं तर चालते. सांडलं नाई पाह्यजे. या, बसा. जेवले काय?"

माझे नमस्काराचे वाक्य राहूनच गेले.

माझे आयुष्य पुढे अकोल्यास शाळामास्तर म्हणून इतरांचे निबंध तपासण्यात गेले. स्वतः काही लिहावे असे या वयात प्रथमच वाटत आहे आणि ते नीट साधेल असा भरवसा नाही. परंतु तात्यासाहेबांना ओळखणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत, आणि जी आहेत ती त्यांना एक विक्षिप्त, भित्रा वकील म्हणून आठवतात. ते भित्रे होते हे खरेच आहे. पण ते कशाला भीत असत हे ठाऊक असल्यावाचून ते वर्णन पुरे होत नाही.

त्या काळी अमरावतीत घरच्या मोटरी बोटांवर मोजण्याइतक्या. ज्यांच्या होत्या ते संध्याकाळी फिरायला निघत, लग्नात नवरदेव मिरवायला देत. तात्यासाहेबांची मोटर यांपैकी कशासाठीही बाहेर पडत नसे. कचेरीत ते टांग्याने जात. बाजारात पायी जात. मोटर मात्र रोज सकाळी हँडल मारून सुरू व्हायची, वाटीची परीक्षा द्यायची आणि पुन्हा झाकून ठेवली जायची. टाकी भरलेली, चाकांत हवा भरलेली, मागे पेट्रोलचा डबा बांधलेला. शेजारचे कापसाचे अडते एकदा कुंपणावरून म्हणाले, "तात्यासाहेब, तुमच्या मोटरीले नवरीसारखी नटवून ठेवता अन् सासरी काही धाडत नाई!" तात्यासाहेब हसले नाहीत. "धाडाची येळ येऊच नाई," एवढेच म्हणाले आणि आत गेले.

वर्षातून एखाददुसऱ्या खेपेस बाहेरगावी जाणे टळत नसे, तेव्हा त्यांचे वागणे पाहण्यासारखे असे. वरूडला एका संत्र्याच्या बागाईतदाराकडे लग्न होते. आम्ही पोहोचलो तेव्हा पंगत बसली होती. यजमान हात धरून ओढू लागले. पण मोटरीचे तोंड बागेकडे होते, ते रस्त्याकडे केल्याशिवाय तात्यासाहेब पाटावर बसेनात. दोन बैलगाड्या सरकवाव्या लागल्या, मांडवाचा एक दोर सोडावा लागला. यजमान वैतागून म्हणाले, "वकीलसाहेब, दरोडा घालून पळाचं हाय काय?"

"पळाचं नाई. पण पळा लागलं तर?" तात्यासाहेब गंभीरपणे म्हणाले. सारी पंगत हसली. त्यांनी मात्र वळवलेली मोटर नजरेच्या टप्प्यात राहील अशी जागा निवडली आणि मग पहिला घास घेतला.

कोर्टात हाच मनुष्य वेगळा दिसे. उलटतपासणीला उभे राहिले की त्यांचा आवाज खाली येई, साक्षीदाराला पुढे वाकून ऐकावे लागे आणि वाकता वाकता तो आपल्याच शब्दात अडके. मला वाटे, हे धैर्य आहे. एकदा मी तसे बोललोही. मी स्वतः न्यायाधीशासमोर उभा राहिलो की पाठ केलेले मुद्दे विसरून जाई. त्यावर ते म्हणाले, "धैर्य गियर्य काही नाई, गोविंदराव. मले भेव वाटते की हा माणूस खोटं बोलून राहिला अन् माह्या ध्यानात नाई आलं तर? म्हणून मी एकच गोष्ट चार बाजूनं इचारतो." मग त्यांनी आपले नेहमीचे वाक्य जोडले. "भेव म्हणजे घरातला म्हातारा माणूस. दिवसभर कटकट करते. पण दाराले कडी लागली का नाई, थे थोच पाहते."

या म्हाताऱ्याने त्यांच्या घरात केव्हा मुक्काम ठोकला ते मला पुढे कळले. अकोल्यास एका दाव्याच्या कामी आम्ही दोघे गेलो होतो. परतताना रेल्वेच्या डब्यात समोर एक बाई मांडीवर तापाने फणफणलेले मूल घेऊन बसली होती. मूल खोकले की तात्यासाहेबांची बोटे धोतराच्या निरीवर आवळत. बडनेऱ्यास उतरून आम्ही फलाटावर उभे असताना, मी काही न विचारता, ते बोलू लागले.

त्यांचा पहिला मुलगा दिनू पाच वर्षांचा होता. ते तेव्हा गावी शेतावर राहत. मुलाचा घसा दुखू लागला, दुसऱ्या दिवशी आवाज बसला आणि गावच्या वैद्याने घशात पांढरा पडदा पाहून घटसर्प म्हणून सांगितले. अमरावतीचा दवाखाना गाठायचा म्हणून दमणी जुंपली. दमणी म्हणजे आमच्याकडची माणसे नेण्याची हलकी बैलगाडी. घोड्याच्या तोडीची पळते असे म्हणतात. "बैल चांगले होते," तात्यासाहेब रुळांकडे पाहत म्हणाले. "बैलांची काही चूक नोती. थे आपल्या चालीनं चालले. रोग आपल्या चालीनं चालला." अमरावती दिसू लागली तेव्हा माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मुलाच्या तोंडावरून पदर ओढून घेतला होता.

गावची जमीन विकून त्यांनी शहरात बिऱ्हाड केले आणि पहिली मोठी फी मिळताच मोटर घेतली, ती त्यानंतर. त्यांची मुलगी कुमुद नांदगाव खंडेश्वरच्या एका शेतकरी घराण्यात दिली होती. तिचा मुलगा नंदू चार वर्षांचा होता. तिकडे दवाखाना नव्हता. वाटेत दोन नाले होते. रोज सकाळी वाटीतल्या पाण्याकडे पाहताना तात्यासाहेबांना काय दिसत असेल ते मला बडनेऱ्याच्या फलाटावर उमगले, आणि त्या दिवसापासून त्या मोटरीचा आवाज मीही जीव मुठीत धरून ऐकू लागलो.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगांकडे जाणाऱ्या तारांचे रबर तडकले. एके ठिकाणी आतले तांबे दिसू लागले. तात्यासाहेबांनी करीम मिस्त्रीला बोलावून चारही तारा नव्या घालून घेतल्या. करीम जिभेचा मोकळा होता. तात्यासाहेबांनी कोणती तार कोठे जाते ते त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले, तेव्हा उलटतपासणीला कंटाळलेल्या साक्षीदारासारखा तो हात पुसत म्हणाला, "वकीलसाब, मेरी भी जिरह लोगे क्या? तार सही लगी है. अब इसको नजर मत लगाओ." मोटर सुरू केली. संध्याकाळच्या उन्हात वाटीतले पाणी इतके शांत होते की त्यात लिंबाची फांदी स्पष्ट दिसत होती. जुन्या तारा फेकायला करीमने उचलल्या, त्या तात्यासाहेबांनी परत मागून घेतल्या आणि कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या. करीम त्याच संध्याकाळी एका बिघडलेल्या ट्रकच्या कामावर परतवाड्याला निघून गेला.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. शस्त्रांची, अवजारांची पूजा आमच्याकडे त्या दिवशी होते. कोणी कोयत्याची करतो, कोणी तराजूची. आमच्या वकिलाच्या घरी दौत, टाक, कायद्याची पुस्तके आणि मोटर. पाऊस जाता जाता रेंगाळला होता. अंगण ओलसर होते. तात्यासाहेबांनी स्नान करून मोटरीच्या तोंडाला झेंडूचा हार घातला, कुंकू लावले, नारळ फोडला आणि प्रसाद वाटण्याआधी हँडल मारले.

मोटर सुरू झाली. पण तो आवाज ओळखीचा नव्हता. ती चालत नव्हती, ठेचकाळत होती. दोन पावले सरळ, तिसरे लंगडे, मग एक आचका. हारातली फुले थरथरून गळू लागली. वाटीतले पाणी पहिल्याच क्षणी कडेवरून उसळून फुटबोर्डावर सांडले. पेट्रोलचा खटका जास्त दाबला की जरा सावरे; पाय काढून मंद चालीवर आणली की धापा टाकत बंद पडे.

तात्यासाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. "तारा," ते म्हणाले.

दुसरे कोणाच्याही मनात येणेच शक्य नव्हते. काल तारा बदलल्या, आज मोटर बिघडली. मिस्त्री परतवाड्याला. सणामुळे दुसरा कोणी मिळेना. तेव्हा तात्यासाहेबांनी बाह्या सारल्या आणि बॉनेट उघडून मोटरीची उलटतपासणी आरंभली. मी मदतीस होतो, म्हणजे हँडल मारीत होतो.

प्रथम त्यांनी तारांचा क्रम तपासला. जिथून चारही तारा फुटतात त्या काळ्या डबीपासून एकेक तार बोटाने धरून प्लगापर्यंत नेली. क्रम बरोबर होता. टोके घट्ट होती. मग लाकडी मुठीचा पेचकस घेऊन, त्याचे पाते इंजिनाच्या लोखंडावर टेकवून, ते त्याची दांडी एकेका प्लगाच्या शेंड्याला टेकवू लागले. असे केले की त्या प्लगाची ठिणगी लोखंडात निघून जाते. आवाज आणखी बिघडला तर तो प्लग काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मुका. "बोल," ते पहिल्या प्लगाला म्हणत. आवाज बिघडला. दुसऱ्याला म्हणत, "तू बोल." काही फरक नाही. पुन्हा दुसऱ्याला विचारले, तर आता आवाज बिघडला आणि पहिला गप्प. चौघेही कधी खरे बोलत, कधी फिरत. मी अनेक साक्षीदार पाहिले होते; तात्यासाहेबांना असे भांबावलेले कधी पाहिले नव्हते.

मग त्यांनी कपाटातल्या जुन्या तारा आणल्या. "नव्या तारा गुन्हेगार असतील, तर जुन्या घातल्यावर गुन्हा थांबाले पाह्यजे." आम्ही तडकलेल्या तारांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि त्या चढवल्या. त्यांची बोटे लाल झाली होती, माझीही. पण खंडेनवमीला कोणाची बोटे लाल नसतात? हँडल मारले. तोच लंगडा आवाज. तीच धाप.

"म्हणजे तारा निर्दोष," ते हळू म्हणाले. "अन् मी सकाळपासून त्याह्यलेच फाशी देऊन राहिलो."

दुपारपर्यंत सुरू ठेवल्यावर मोटर तापून आपोआप पुष्कळशी सुधारली. मला हायसे वाटले. त्यांना नाही. "जे दुखणं आपल्या मनानं बरं होते, गोविंदराव, थे आपल्या मनानं परतून येते." त्यांनी नव्या तारा पुन्हा घातल्या. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी हवा दमट होती आणि मोटर नवमीपेक्षाही वाईट चालत होती. तात्यासाहेब बॉनेटखाली वाकलेले असतानाच फाटकाशी घोडे थांबले. नांदगावच्या व्याह्यांचा सालदार गडी गणपत खाली उतरला. घोड्याच्या तोंडाला फेस होता. लगाम हातात धरूनच तो तात्यासाहेबांपुढे आला.

"कोण?" तात्यासाहेबांनी विचारले.

"नंदूबाळ. गयात पांढरं दिसून राहिलं, मालक. काल दुपारपासून आवाज नाई. बाई म्हणे, बाबाले सांग, मोटर घेऊन या."

मी तात्यासाहेबांकडे पाहू शकलो नाही. त्यांनी सांगितले तसा मी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांच्यापाशी घटसर्पावरचे इंजेक्शन होते, पण वाहन नव्हते. सणामुळे मोटर सर्व्हिसच्या गाड्या दुपारशिवाय सुटणार नव्हत्या. दुसरी घरची मोटर ज्यांची, ते जिनिंगवाले शेठजी नागपूरला गेलेले. मी डॉक्टरांना घेऊन परतलो तेव्हा मोटर आचके देत उभी होती आणि तात्यासाहेब स्टिअरिंगवर बसले होते. पाय काढला की ती बंद पडे. गणपत सांगत होता की नाल्यांना पाणी आहे, मोटर हळूहळूच घालावी लागेल; आणि ही मोटर हळू चालायलाच तयार नव्हती. नाल्याच्या मध्यावर ती थांबली तर काय, हे बोलण्याची कोणाची छाती नव्हती.

माई पायात वहाणा घालून बाहेर आल्या. त्या मूळच्या नाशिककडच्या. इतकी वर्षे वऱ्हाडात काढूनही बोली तिकडचीच राहिली होती. नवऱ्याची दशा पाहून त्या जवळ गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, भिऊ नका. काही होणार नाही तिला. मी कालपासून तिची काळजी देवावर सोपवलीय."

"म्हणजे?"

"नवमीला पहाटे तुम्ही स्नानाला गेलात, तेव्हा मी हे झाकण उघडून आत कुंकू लावलं. तुम्हाला कुणी हात लावलेला खपत नाही म्हणून बोलले नाही. बाहेरून पूजा तर सगळेच करतात. आत ती चार पांढरी कपाळं होती ना, तशी उघडी बघवेनात मला. एकेकीला ओलं बोट भरून लावलंय. मागच्या बाजूनं, दिसू नये असं."

तात्यासाहेब सावकाश खाली उतरले.

प्लगाच्या वरच्या भागास चिनी मातीचे पांढरे आवरण असते. ठिणगीने वाट चुकून लोखंडात जाऊ नये म्हणूनच ते असते. हळदीला खार आणि लिंबाचा रस देऊन कुंकू करतात. ते ओलसर झाले की विजेला चालायला रस्ता मिळतो. तात्यासाहेबांनी आरसा मागवला आणि प्लगामागे धरला. चारही पांढऱ्या आवरणांवर वरपासून खालपर्यंत एकेक बोट ओढलेले होते. दोन दिवस जी ठिणगी ते शोधत होते, ती त्या लाल वाटेने निघून जात होती.

त्यांनी फडके पेट्रोलमध्ये बुडवले आणि हात पुढे केला.

"पुसू नका!"

माईंचा तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. "आज नको. आजच्या दिवशी, तिकडे पोराचा गळा बंद होत असताना, तुम्ही तुमच्या हातानं कुंकू पुसणार? माझ्यासमोर?"

आणि त्यांचा हात थांबला. हे मी पाहिले. प्लगावरचे कुंकू ठेवले तर मोटर चालत नाही हे ज्याला आता पुरते कळले होते, त्याचा हात फडक्यासह हवेत थांबला. कुंकू पुसणे म्हणजे काय हे आमच्या घराघरांत कोणाला सांगावे लागत नाही. ते शब्द सवाष्णीसमोर कोणी उच्चारीतही नाही. इंजिनाचे भय आणि अपशकुनाचे भय अशा दोन्ही भयांनी त्यांना धरले होते. डॉक्टरांनी चष्मा काढून पुन्हा घातला.

"मालक, काय करून राहिले?" गणपत रडवेला झाला. "थो पोट्टा तठी गुदमरून राहिला न!"

माईंनी डोळे मिटले. मग वळून आत गेल्या आणि देवघरातले तांब्याचे ताम्हन घेऊन आल्या. "काढा त्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्या चौघी. बाहेर काढा. देवाला आपण रोज कुंकू लावतो आणि रोज स्नान घालतो. स्नानात ते जातं. त्याला कुणी पुसणं म्हणत नाही. मी लावलंय, मीच यांना स्नान घालते."

तात्यासाहेबांनी पान्याने प्लग एकेक काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते ताम्हनात मांडले, वरून पेट्रोलची धार सोडली आणि देवघरातल्या टाकांना चोळावे तसे अंगठ्याने चोळले. लाल पाणी ताम्हनात उतरले. कोरड्या वस्त्राने त्यांनी ते टिपले. त्यांचे ओठ हलत होते. त्या काय म्हणत होत्या ते पेट्रोलच्या वासात उभ्या असलेल्या आम्हां कोणाला ऐकू आले नाही. प्लग तात्यासाहेबांनी परत बसवले.

मी हँडल मारले. मोटर लागली, आणि मंद चालीवर आणताच ती एका लयीत, गोड चालू राहिली. कोणीही आनंद केला नाही. आम्ही आत चढलो.

त्या रस्त्याविषयी मला फारसे लिहिता येणार नाही. काळ्या मातीत चाके घसरत होती. गणपत फुटबोर्डावर उभा राहून वाट दाखवीत होता. पहिला नाला सुटला. दुसऱ्याला पाणी अधिक होते. तात्यासाहेबांनी मोटर अगदी सावकाश आत घातली. पाणी चाकांवर चढले, फुटबोर्डावरून आमच्या पायांपर्यंत आले आणि मध्यावर इंजिनाने एक आचका दिला. माईंनी पुढच्या बैठकीची पाठ घट्ट धरली. आम्ही सारे त्या पुढच्या ठोक्याची वाट पाहत होतो. तो आला. त्यामागून दुसरा आला.

पलीकडच्या काठावर चढल्यावर डॉक्टरांनी घाम पुसत विचारले, "तात्यासाहेब, भीती वाटली का हो तुम्हाला?"

"मले?" रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "डॉक्टर, मले तर घरी गादीवर बसूनही वाटते."

नांदगावला पोहोचताच डॉक्टर आणि माई आत धावले. तात्यासाहेब उतरले नाहीत. त्यांनी मोटर दारातच सुरू ठेवली होती. इंजेक्शनाचा उपयोग झाला नाही तर मुलाचा गळा चिरून श्वासाला वाट करून द्यावी लागते, आणि ते अमरावतीच्याच दवाखान्यात होणार, हे त्यांना डॉक्टरांनी वाटेत सांगितले होते. म्हणून ती बंद करायची नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले असावे. गावातली माणसे भोवती जमली. मोटर ठोके देत उभी, आणि तिच्यात एक मनुष्य दोन्ही हातांनी चक्र धरून बसलेला.

आतून डॉक्टर ओरडले, "ते बंद करा आधी! मला छातीतलं काही ऐकू येत नाही."

तात्यासाहेब जागचे हलले नाहीत.

डॉक्टर दारात आले. "बंद करा म्हणतो ना!"

"बंद केली अन् मंग लागली नाई तर?" त्यांचा आवाज कोर्टातल्यासारखा खाली गेला होता. डॉक्टरांना पुढे वाकावे लागले. "इथून नेता नाई आलं तर, डॉक्टर?"

"आत्ता ऐकलं नाही, तर न्यायचं की नाही हे मी कशावरून सांगू?"

तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन थांबले आणि घरातला आवाज बाहेर आला. आतापर्यंत तो मोटरीने झाकलेला होता. करवत ओल्या लाकडात अडकत अडकत ओढावी तसा एका चार वर्षांच्या मुलाचा श्वास. आत जाताना तो चिरत होता, बाहेर येताना थांबत होता. तात्यासाहेब उतरून फुटबोर्डावर बसले. त्यांनी कानांवर हात नेले आणि क्षणभराने ते काढून घेतले, आणि मग शेवटपर्यंत ऐकत राहिले.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा म्हणाले, "हलवायचं नाही. मी इथंच राहतो."

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास करवतीचा आवाज बोथट होऊ लागला आणि तिसऱ्या प्रहरी कुमुद बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, त्यानं पाणी गिळलं." तात्यासाहेबांनी मान हलवली, पण तिच्यावर त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

मी कचेरीची कामे पाहण्यासाठी डॉक्टरांबरोबर व्याह्यांच्या दमणीतून अमरावतीस परतलो. पुढच्याच महिन्यात मला अकोल्याच्या शाळेत जागा मिळाली. कोर्टात माझा निभाव लागणार नाही हे तात्यासाहेबांनी माझ्याआधी ओळखले होते, आणि शिफारसही त्यांनीच केली होती. निघण्यापूर्वी निरोप घ्यावा म्हणून मी नांदगावला गेलो, कारण ते अजून तेथेच होते. डॉक्टरांनी नंदूला अंथरुणावरून फार हलवू नका म्हणून बजावले होते आणि आजोबा हलायला तयार नव्हते. त्यानंतर पत्रे आली-गेली, पण आमची भेट झाली नाही.

मी पोहोचलो तेव्हा ते ओट्यावर चटईवर बसले होते. मांडीवर गोधडीत गुंडाळलेला नंदू होता. मोटर अंगणात कडुलिंबाखाली उभी होती. तिच्यावर धुळीचा थर चढला होता, वाळक्या पानांचा सडा पडला होता आणि चाकाच्या सावलीत एक कोंबडी पिलांना घेऊन बसली होती. तात्यासाहेब माझ्याशी अकोल्याच्या पाण्याबद्दल, तिथल्या उन्हाबद्दल बोलले. मी नमस्कार केला आणि उठलो.

तेवढ्यात नंदूने गोधडीतून तोंड बाहेर काढले. त्याचा आवाज अजून बसलेला होता, नाकातून येत होता. "आबा," तो म्हणाला, "मोटर चालू करून दाखव न."

तात्यासाहेबांनी मोटरीकडे पाहिले. मग गोधडीचा काठ त्याच्या हनुवटीखाली सारीत म्हणाले, "राहू दे रे बाप्पा. थकली थे. झोपू दे तिले."